बार उडतो तो काम संपल्यावर

चि. बाय,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर तुझं नाव चढलं, आता ठाण्यात जमा असलेली बंदूक तुझ्या ताब्यात मिळेल, असं वहिनी फोनवर म्हणाल्या. बाबांच्या मागे नाचणीची आणि काजूची राखण तुझ्याच अंगावर पडली आहे, तेव्हा बंदूक घरात यायलाच हवी. पण त्याआधी हे पत्र सावकाश वाच.

माझी नोकरी पोलिसांच्या शस्त्रागारात गेली. चुकून सुटलेल्या गोळ्यांची प्रकरणं जवळून पाहिली आणि एक गोष्ट मनात पक्की बसली. नेम धरलेला असतो तेव्हा माणसाचं सगळं चित्त बंदुकीत असतं. घात होतो तो नंतर. पुसताना, खुंटीला अडकवताना, गाडीवर बांधताना, दुसऱ्याच्या हातात देताना.

१ ऑक्टोबर २०२४ ची गोष्ट तुला आठवत असेल. अभिनेते गोविंदा पहाटे कोलकात्याला निघायच्या तयारीत होते, स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्वरमधून गोळी सुटली आणि पायात घुसली. ना कुणी समोर, ना झटापट.

आमच्याकडे ड्यूटी संपवून एक जवान पिस्तूल जमा करायला आला. आधी मॅगझिन, म्हणजे गोळ्यांचा खण, काढायचं आणि मग स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, ओढायची, हा क्रम. त्याने स्लाइड आधी ओढली. चेंबरमधला, म्हणजे नळीच्या मुळाशी भरलेला, राऊंड टणकन फरशीवर पडला, तो पाहून त्याला वाटलं पिस्तूल रिकामं झालं. पण स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधला दुसरा राऊंड आत ढकलून गेली होती. मग त्याने मॅगझिन काढलं आणि खात्रीसाठी चाप दाबला. बार झाला. नळी वाळूच्या पेटीत धरलेली होती, म्हणून गोळी वाळूत गेली. क्रम चुकला, नजर चुकली, तरी माणूस वाचला तो नळीच्या दिशेमुळे. म्हणून तुला पहिलं सांगणं हेच. बंदूक भरलेली असो वा नसो, नळीसमोर माणूस, गुरं, घराची भिंत येता कामा नये. भिंतीपलीकडे कोण झोपलंय ते आपल्याला दिसत नाही.

आता तुझ्या बंदुकीबद्दल. ती ठासणीची, म्हणजे दारू आणि छर्रे नळीच्या तोंडातून गजाने ठासून भरायची. काडतुसाच्या बाराबोअरसारखी मोडून आत डोकावता येत नाही, त्यामुळे भरलेली की रिकामी हे बाहेरून कळतच नाही. गावात ठासलेली बंदूक तशीच महिनाभर खुंटीला टांगून ठेवतात, हे मला मुळीच पटत नाही. तू एक कर. नळी रिकामी असल्याची खात्री झाली की गज तळापर्यंत सोड आणि नळीच्या तोंडाशी तो जिथे येईल तिथे ब्लेडने खूण कर. पुढे कधीही शंका आली की आधी टोपी, म्हणजे घोड्याखालची ठिणगी पाडणारी छोटी वाटी, उतरवायची, चेहरा बाजूला ठेवायचा आणि गज सोडायचा. खूण तोंडाच्या वर राहिली तर आत दारू-छर्रे आहेत. टोपी काढली म्हणजे धोका संपला असंही नाही. टोपीतला मसाला कधी कधी खाली चिकटून राहतो, त्यावर घोडा आपटला तरी ठिणगी पडते.

पावसात दारू ओल धरते. टोपी वाजली आणि बार झाला नाही, तर बंदूक लगेच खाली करू नकोस, नळीत तर मुळीच बघू नकोस. दारू आत धुमसून उशिरा पेटते. मोकळ्या दिशेला धरून मिनिटभर तशीच थांब.

गडगा ओलांडताना बंदूक भरलेली नको. पाय घसरतो, झुडपात चाप अडकतो. रात्री पाल्यात काही हललं म्हणून बार टाकायचा नाही. रानडुक्कर समजून माणसावर गोळी गेल्याच्या बातम्या आपल्याच कोकणातल्या आहेत. निष्काळजीपणाने जीव गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे, पण गेलेला माणूस बहुधा आपल्याच वाडीतला असतो, ते कैदेहून जड.

आणि कुणी म्हणालं, "रिकामीच आहे गं," तर ऐकू नकोस. २१ ऑक्टोबर २०२१ ला अमेरिकेत न्यू मेक्सिकोत चित्रपटाच्या सेटवर हलिना हचिन्स ही छायाचित्रणकार गोळी लागून गेली. रिव्हॉल्वरमध्ये खरी गोळी नाही, असं मोठ्याने सांगूनच ते नटाच्या हाती दिलं होतं. शस्त्रांची जबाबदारी असलेल्या मुलीला पुढे तुरुंगवास झाला. ती तुझ्याच वयाची होती. तेव्हा ठाण्यातून बंदूक घेतानाही, समोर हवालदार उभा असला तरी, गज सोडूनच बघ. तो रागावणार नाही, आणि रागावला तरी चालेल.

घोडा अर्ध्यावर जिथे अडकतो ती खाच जुन्या बंदुकीत झिजते आणि घोडा आपोआप सुटतो. परवानाधारक कारागिराकडून ती तपासून घेतल्याशिवाय दारू भरू नकोस. दारू आणि टोप्या बंदुकीपासून वेगळ्या कुलपात ठेव, किल्ली तुझ्याकडे. धाकट्याला ती जागा माहीतही नको.

गणपतीला येईन तेव्हा ठासणं स्वतः दाखवेन. तोवर डुकरांसाठी फटाके आणि पत्र्याचा डबा पुरे.

तुझा,
काका