सगळं क्रोमच झालंय, मग बाकीच्यांवर टेस्ट कशाला?

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की तू वागळे इस्टेटमधल्या छोट्या कंपनीत फ्रंटएंड, म्हणजे साइटचा समोर दिसणारा भाग, करतोस, क्लायंट म्हणतो क्रोमवर चाललं की झालं, एज, ब्रेव्ह, ऑपेरा सगळे आतून क्रोमियमच (ज्यावर क्रोम उभा आहे तोच कोड), मग फायरफॉक्स-सफारीवर वेळ कशाला घालवायचा, आणि एकदाचा एकच ब्राउजर उरला तर आपलीच कटकट वाचेल ना. शेवटच्या भागाचं आधी सांगतो, कारण ते याचि देही याचि डोळा बघितलंय. एकच ब्राउजर उरला होता एकदा, आणि कटकट तेव्हाच सगळ्यात जास्त होती.

मी महापेच्या एमआयडीसीत कामाला लागलो तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर ६ चं, म्हणजे आयई ६ चं राज्य होतं. त्याआधी नेटस्केप हा ब्राउजर आणि मायक्रोसॉफ्टची जुंपली होती आणि ती मारामारी चालू होती तोवर दोघंही सारखं काहीतरी नवीन काढत होते. पानात हालचाल आणणारी जावास्क्रिप्ट भाषा त्याच धांदलीत जन्मली, १९९५ मध्ये नेटस्केपच्या ब्रेंडन आइकने पहिला नमुना दहा दिवसांत उभा केला, आणि त्या घाईची फळं आपण अजून चाखतोय. मग विंडोजबरोबर ब्राउजर फुकट मिळायला लागला, नेटस्केप गारद झालं, अमेरिकन सरकारने १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टवर खटला भरला पण कोर्टाचं आटपेपर्यंत मैदान रिकामं झालेलं. आयई ६ आला ऑगस्ट २००१ मध्ये. आयई ७ कधी? ऑक्टोबर २००६! पाच वर्षं. समोर कोणी नाही म्हटल्यावर घाई कोणाला असणार.

आता आयई ६ ला नुसत्या शिव्या घालणंही बरोबर नाही हं. आला तेव्हा तो चांगला होता, आणि आज आपण ज्याच्या जिवावर पान रिफ्रेश न करता डेटा आणतो ते एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट मुळात मायक्रोसॉफ्टनेच आउटलुकच्या वेब आवृत्तीसाठी काढलेलं. वाईट काय झालं तर त्यातले बग तसेच गोठले, आणि ते बग हेच आमचं स्टँडर्ड झालं. एक सांगतो म्हणजे चव कळेल. डावीकडे फ्लोट केलेल्या, म्हणजे कडेला सरकवलेल्या डिव्हला (पानातल्या चौकटीला) डावीकडेच १० पिक्सेल मार्जिन, म्हणजे मोकळी जागा दिली की आयई ६ त्याचे २० करायचा, मग दोन कॉलमचा लेआउट तुटून दुसरा कॉलम खाली जायचा. उपाय काय, तर डिस्प्ले इनलाइन लिहायचं. नियमाप्रमाणे फ्लोट केलेल्या डिव्हवर त्या ओळीचा काहीच परिणाम होत नाही, पण ती दिसली की आयई गुमान १० वर यायचा! का, ते विचारू नकोस. अशा ओळी आम्ही पाठ करायचो, झूम १ लिहिलं की बॅकग्राउंड दिसतं, पारदर्शक पीएनजीला फिल्टर लावला नाही तर मागे राखाडी डबा येतो, आणि हे ज्ञान वर्षानुवर्षं भाव खात होतं, ज्याचा आज शून्य उपयोग आहे.

मराठी साइटवाल्यांचं तर विचारूच नकोस. युनिकोड, म्हणजे अक्षरांचे सगळीकडे चालणारे एकच कोड, रुळायच्या आधी प्रत्येक पेपरचा स्वतःचा फाँट, तो पानाबरोबर आपोआप उतरावा म्हणून आयईसाठी ईओटी फाइल आणि नेटस्केपसाठी पीएफआर. नेटस्केप गेल्यावर बऱ्याच जणांनी फक्त ईओटीच ठेवली. मग लिनक्सवर किंवा फायरफॉक्समध्ये तेच पान उघडलं की बातमीच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांची नुसती भेळ. फायरफॉक्सवाले त्यासाठी पद्मा नावाचं एक्स्टेन्शन टाकायचे, ते असल्या फाँटचा मजकूर युनिकोडमध्ये बदलून दाखवायचं. म्हणजे साइट एका ब्राउजरसाठी बनवायची आणि वाचकाने आपलं आपण बघून घ्यायचं. 'फक्त क्रोमवर चाललं की झालं' हे वाक्य मला ऐकवत नाही ते यामुळे.

सुटका झाली ती नोव्हेंबर २००४ च्या फायरफॉक्स १.० ने आणि सप्टेंबर २००८ ला आलेल्या क्रोमने. ही दुसरी मारामारी पहिलीपेक्षा वेगळी होती, कारण पहिल्यात प्रत्येकजण स्वतःचे टॅग काढून समोरच्याला कोंडीत पकडायचा आणि दुसऱ्यात मोजपट्टी सगळ्यांना एकच होती. ॲसिड २, ॲसिड ३ अशा टेस्ट होत्या, आपला ब्राउजर किती मार्क घेतो ते जगजाहीर. २०२२ पासून तर ॲपल, गुगल, मायक्रोसॉफ्ट, मोझिला (फायरफॉक्सवाले) मिळून दरवर्षी इंटरॉपची यादी ठरवतात, की यंदा या गोष्टी सगळीकडे सारख्या चालल्या पाहिजेत. लेआउटसाठी फ्लेक्सबॉक्स-ग्रिड लिहून तू बिनधास्त घरी जातोस ना, ते यामुळे. तेव्हा डेव्हलपरला त्रास ब्राउजर जास्त असल्याचा होत नाही, त्रास होतो तो कोणीतरी पूर्ण जिंकला की, किंवा मोजपट्टी नसली की.

आता सध्याचं. ऑपेराने २०१३ मध्ये स्वतःचं इंजिन, म्हणजे कोड वाचून पान काढून दाखवणारा ब्राउजरचा गाभा, सोडलं, मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०१८ मध्ये एजचं सोडायचं जाहीर केलं. मोठी इंजिनं उरली तीन, क्रोमियमचं ब्लिंक, सफारीचं वेबकिट आणि फायरफॉक्सचं गेको. त्यात गेकोवाल्या मोझिलाचं बरंचसं उत्पन्न गुगलच्याच सर्चच्या पैशातून येतं, म्हणजे बघ. क्रोम आयईसारखा झोपलेला नाही, उलट तो इतका पळतो की त्याने ठरवलं तेच सगळ्यांना चालवून घ्यावं लागतं. मॅनिफेस्ट व्ही३ हे एक्स्टेन्शनचे नवे नियम आणून त्यांनी जुनी ॲड ब्लॉकर एक्स्टेन्शन बंद पाडली तेव्हा इतर क्रोमियमवाल्यांची पण पंचाईत झालीच.

आणि 'सफारी म्हणजे नवा आयई' हे सगळे म्हणतात, ते अर्धंच खरं. सीएसएसमधलं (पानाची सजावट लिहायच्या भाषेतलं) हॅज सिलेक्टर, जे आत काय आहे ते बघून बाहेरच्या चौकटीला सजावट लावतं आणि ज्याची आम्ही कैक वर्षं वाट बघत होतो, ते आधी सफारीत आलं, मार्च २०२२ मध्ये, क्रोममध्ये त्याच ऑगस्टला, फायरफॉक्सला डिसेंबर २०२३ उजाडलं. पण वेब पुश नोटिफिकेशन आयफोनवर यायला मार्च २०२३ लागला, क्रोमवाले २०१५ पासून वापरतायत. आयफोनवर दुसरं इंजिन चालतच नाही, तिथलं क्रोम पण आतून वेबकिटच. युरोपियन युनियनने कायदा करून २०२४ मध्ये तिथपुरतं दार उघडायला लावलं, आपल्याकडे नाही. म्हणजे तुझ्या क्लायंटने आयफोनवर क्रोम उघडलं तरी तो 'क्रोमवर' नाहीच आहे, हे त्याला एकदा सांगून बघ.

परवाचंच उदाहरण. घोडबंदरच्या एका सोसायटीचं मेंटेनन्स भरायचं पोर्टल आमच्याकडे रिपेअरला आलं, बनवलं होतं दुसऱ्याच कोणीतरी. कमिटीत अँड्रॉइडवाल्यांचं सगळं झकास, चेअरमन साहेबांच्या आयफोनवर 'पैसे भरा' बटणच दिसेना. पानाला उंची १०० व्हीएच, म्हणजे पूर्ण स्क्रीनभर दिलेली, सफारी त्यात खालच्या पट्टीची जागा पण मोजतो, त्यामुळे बटण पट्टीच्या मागे. डीव्हीएच केलं, ते पट्टी सोडून दिसणारी उंचीच धरतं, झालं. दुसरी भानगड म्हणजे सर्व्हरकडून तारीख आणि वेळ मध्ये स्पेस टाकून येत होती, क्रोम ते निमूट समजून घेतो, साहेबांच्या जुन्या सफारीत 'इनव्हॅलिड डेट'. स्पेसच्या जागी इंग्रजी टी अक्षर टाकलं की दोघंही खूश. दोन्ही कामं किरकोळ, पण तोवर साहेबांनी ग्रुपवर 'साइट बोगस आहे' टाकून झालं होतं.

तेव्हा कोटेशनमध्ये नुसतं 'क्रोम' लिहू नकोस, क्रोम, एज, फायरफॉक्स, सफारी या चौघांची नावं आणि चालू व मागची आवृत्ती असं लिही, नंतर वाद होत नाहीत. फायरफॉक्सवर वेगळा वेळ धरायची गरज नाही, दिवसाआड तोच ब्राउजर उघडून काम कर, आपोआप टेस्ट होतं. नवीन काही वापरायच्या आधी त्याच्या माहितीपानावर बेसलाइनचा शिक्का बघ, तीन इंजिनांत आलंय का ते लगेच कळतं. मॅक नसेल तर प्लेराइट या टेस्टिंगच्या टूलमधलं वेबकिट विंडोजवर चालतं, बरेच घोळ त्यात सापडतील. पण खालची पट्टी आणि कीबोर्ड वर आल्यावर काय होतं ते खऱ्या फोनशिवाय दिसत नाही, त्याला ऑफिसात कोणाचा तरी आयफोन पाच मिनिटं माग. आणि डेमोच्या आदल्या रात्री नको मागूस, पहिलं पान उभं राहिलं की लगेच.