बेडरूम नियमात बसते, पण पगारात?

प्रश्न: वय 36, हातात पगार 1 लाख 5 हजार. घरी पत्नी, पाच वर्षांची मुलगी आणि आई. ठाण्यात 22 हजार भाड्याने दोन बेडरूमच्या घरात राहतो. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत 380 चौ. फूट कार्पेटचा वन बीएचके घेतोय. सगळं धरून 81 लाख. गृहकर्ज 57, बचत 10, पीएफमधून 8, पर्सनल लोन 6. बँकेने वर 3 लाखांचा कर्जविमा (मी गेलो तर कर्ज फेडणारा) कर्जातच धरला आहे, म्हणजे कर्ज 60. पाच वर्षांत फ्लॅट सव्वा कोटीला विकून टू बीएचके घेऊ. बेडरूम 9 बाय 11 आहे, हॉल 10 बाय 13. कमीत कमी आकाराच्या नियमात हे बसतं का?

उत्तर: बसतं. राष्ट्रीय इमारत संहितेत दोन खोल्यांच्या घरातली एक खोली किमान 9.5 चौ. मी. आणि दुसरी 7.5 चौ. मी. हवी. तुमचा हॉल 12 चौ. मी., बेडरूम सव्वानऊ. पण हा आकडा खोलीचा आहे, माणसांचा नाही. सहा बाय साडेसहाचा पलंग आणि कपाट ठेवल्यावर तिथे चालायची वाट उरते, आणि आई हॉलमध्ये. ब्रोकर जिना, लिफ्ट धरून 610 फूट सांगत असेल तर ऐकूही नका. रेराच्या, म्हणजे घरखरेदीच्या कायद्याच्या, व्याख्येत कार्पेटमध्ये (घरातल्या वापरायच्या जागेत) आतल्या भिंती येतात, बाल्कनी येत नाही. करारात 380 असेल तर घर 380चंच.

आता न विचारलेलं. स्वतःचे म्हणून दाखवलेल्या 24 लाखांतले 6 लाख उसने आहेत. त्याचा हप्ता पाच वर्षं साडेतेरा हजार. ताबा जवळ येईल तसं गृहकर्जाचं नुसतं व्याजच 42 हजारांवर जाईल, आणि भाडं चालूच. एकूण 78 हजार. उरलेल्या 27 हजारांत चार माणसं, शाळेची फी आणि आईची औषधं. बचत शून्य, पीएफ रिकामा. प्रकल्प वर्षभर लांबला तर? लांबतात.

कर्जविमा काढून टाकायला सांगा, तो घेतलाच पाहिजे अशी सक्ती नाही. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांत त्या 3 लाखांचे सव्वासहा लाख भराल. मंजुरीपत्र हातात देताना 'सही इथे' म्हणणाऱ्याने हे सांगितलं नसणार. साधा टर्म प्लॅन, म्हणजे नुसता आयुर्विमा, वेगळा घ्या.

आणि ते सव्वा कोटी. समजा, मिळाले. मग आज 1 कोटी 5 लाखांना असलेला टू बीएचके त्याच वेगाने 1 कोटी 62 लाखांना जाईल. आज दोन्हींतलं अंतर 24 लाख आहे, तेव्हा 37 असेल. भाव वाढले की तुमचं पुढचं घर जवळ येत नाही, लांब जातं. शिवाय पाच वर्षांत बँकेला सुमारे 24 लाख व्याज दिलेलं असेल.

मी हा फ्लॅट घेणार नाही. जुन्या सोसायटीतलं, ताबा तयार असलेलं घर बघा. बांधकाम चालू असलेल्या घरावर लागणारे जीएसटीचे साडेतीन लाख वाचतील, भाडंही लगेच थांबेल. तेही पर्सनल लोनशिवाय जमत नसेल तर दोन वर्षं आहात तिथेच राहा. आज आईला स्वतःची खोली आहे.