पाळत गुप्त असेल तर कोर्टात काय दाखवायचं?

प्रश्न : अमेरिकेत नागरी हक्कांचे वकील सरकारी पाळतीविरुद्ध खटले लढतात. पण पाळत गुप्तच असेल, तर ती आपल्यावर होती हे अशिलानं सिद्ध कसं करायचं?

उत्तर : बहुतेक दावे नेमके इथंच अडतात. तिथल्या फेडरल कोर्टात आधी स्वतःचं नुकसान दाखवावं लागतं. फेब्रुवारी २०१३ मध्ये ॲम्नेस्टी इंटरनॅशनल आणि इतरांचा दावा सुप्रीम कोर्टानं ५ विरुद्ध ४ मतांनी फेटाळला. फोन ऐकले जातात हा तुमचा केवळ अंदाज आहे, असं कोर्टाचं म्हणणं पडलं. ज्याचा कागदच दडवून ठेवलाय, त्याचा पुरावा माणसानं आणायचा कुठून?

त्याच वर्षी जूनमध्ये, एनएसए या अमेरिकी गुप्तहेर संस्थेसाठी कंत्राटावर काम केलेल्या एडवर्ड स्नोडेननं उघड केलेला एक आदेश छापून आला. व्हेरायझन या फोन कंपनीच्या एका शाखा-कंपनीनं कोणत्या नंबरवरून कोणत्या नंबरवर, किती वाजता, किती वेळ कॉल झाला हे रोज एनएसएला द्यावं, असं त्यात होतं. संभाषण मागितलेलं नव्हतं. एसीएलयू ही नागरी हक्कांसाठी लढणारी संस्था व्हेरायझनची ग्राहक होती, त्यामुळे ११ जूनला तिनं स्वतःच्याच नावानं दावा लावला. खालच्या कोर्टात ती हरली. पण मे २०१५ मध्ये अपील कोर्टानं ही सरसकट माहिती गोळा करणं कायद्यात बसत नाही, असा निकाल दिला.

असा कागद आयता हाती येत नाही, म्हणून माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली अर्ज करायचा. ‘पाळतीची सर्व कागदपत्रं’ मागितली तर अर्ज मोघम ठरतो. सरकारी खातं, कालावधी, कागदाचा प्रकार (करार, बिलं, प्रशिक्षणाच्या स्लाइड) नेमका लिहा. कामकाजाच्या २० दिवसांत उत्तर आलं नाही तर कोर्टात जाता येतं. तिथं सहसा रोखलेल्या कागदांची कारणांसह यादी मिळते. तिला ‘वॉन इंडेक्स’ म्हणतात. तिच्यातल्या तारखांवरून आणि पानांच्या संख्येवरूनही पुढचा अर्ज धारदार करता येतो. मात्र ‘असे कागद आहेत की नाहीत हेही सांगणार नाही’ असं उत्तर आलं, तर ही यादीसुद्धा मिळत नाही.

प्रश्न : मोबाइल कंपनीकडचं लोकेशन तिथल्या पोलिसांना वॉरंटशिवाय मिळतं का?

उत्तर : २०१८ पर्यंत मिळत असे. कंपनीला आपणहून दिलेली माहिती खासगी नाही, हे तत्त्व १९७९ च्या एका निकालापासून चालत आलं होतं. कार्पेंटर नावाच्या आरोपीच्या खटल्यात पोलिसांनी १२७ दिवसांच्या १२,८९८ नोंदी मिळवल्या होत्या. फोन नुसता चालू असला तरी नोंद होते, मग ती ‘आपणहून’ कशी, हा युक्तिवाद सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये ५–४ नं मान्य केला. सात दिवसांचं लोकेशन घ्यायलाही वॉरंट हवं. त्याहून कमी दिवसांचं काय, हे मात्र मोकळंच सोडलं.

इतकं होऊनही कार्पेंटरची शिक्षा कायम राहिली. नोंदी घेतल्या तेव्हा पोलीस चालू कायद्यावर प्रामाणिकपणे विसंबले होते, असं अपील कोर्ट म्हणालं. म्हणून बचावाच्या वकिलानं किती दिवसांच्या नोंदी, कोणत्या आदेशानं आणि कोणत्या तारखेला घेतल्या, हे आधी तपासावं. पुरावा वगळण्याचा अर्ज खटल्याची सुनावणी सुरू होण्यापूर्वीच द्यावा लागतो.