गादी किती दिवसांनी साफ करावी? घरात लहान बाळ आणि दमा असलेल्या सासूबाई आहेत.

साध्या घरात दर 2-3 महिन्यांनी व्हॅक्यूम पुरतो, पण तुमच्याकडे सासूबाईंची गादी महिन्यातून एकदा तरी कराच. दमा बळावतो तो धुळीतल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांच्या विष्ठेमुळे. हे किडे आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात आणि दमट हवेत वाढतात, म्हणून मुंबई-कोकणात पावसाळा सरला की आधी गाद्यांकडे बघा. चादरी आणि उशांचे अभ्रे दर आठवड्याला 60 अंशांच्या गरम पाण्यात धुवा; खरा फरक यानेच पडतो. गादीला चेन असलेली पूर्ण खोळ घाला.

बाळाने शू केली तर लगेच कोरड्या फडक्याने दाबून टिपा, घासू नका. मग खाण्याचा सोडा भुरभुरवून काही तासांनी झटका. बाळाखाली मेणकापड असेल तर ही वेळच येत नाही.

कापसाची गादी असेल तर कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा, गोळे झाले की पिंजून घ्या. फोमची मात्र उन्हात टाकू नका, पंख्याखाली उभी करा. आणि कुठलीही गादी पाण्याने भिजवू नका, आत बुरशी धरते.