ताईच्या खेळात धाकटा नेहमी पेशंटच का?

"ती त्याला कधी डॉक्टर होऊच देत नाही. सारखी झोपवते, सुया टोचते, औषधं पाजते. अशानं हा दबून जाईल का हो?" सहा वर्षांची मुलगी आणि बावीस महिन्यांचा मुलगा असलेल्या एका आईचा हा प्रश्न थोड्याफार फरकाने अनेक घरांतून येतो. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मी मुलांना भातुकली आणि रिकाम्या डब्या दिल्या व आईला बाजूला बसून नुसते पाहायला सांगितले. मुलीने भावाला आडवे केले खरे, पण सुई टोचण्याआधी ती वाकून, शब्द लांबवत म्हणाली, "खोटं-खोटं हं, दुखणार नाही." रिकामी वाटी पुढे करून "औषध कडू आहे" म्हणताना तिने स्वतःचे तोंड वाकडे केले आणि ते पाहून त्यानेही केले. तो उठून पळाला, तेव्हा त्याला ओढून न आणता "पेशंट पळाला, पकडा!" असे ओरडत तिने त्याचे पळणेच खेळात घेतले.

पेशंट व्हायला पडून राहणे आणि आ करणे पुरते. डॉक्टर व्हायचे तर कशानंतर काय करायचे, हे ध्यानात ठेवावे लागते, आणि या वयाला ते जड जाते. आईला ज्यात केवळ हुकूमशाही दिसत होती, त्यात भावाला पेलेल अशी भूमिका देण्याची समजही होती. दोन वर्षांच्या मुलांच्या खेळाविषयी ज्यूडी डन आणि नेओमी डेल या संशोधकांनी १९८४ साली याच्याशी जुळणारे निरीक्षण नोंदवले: आई बहुतेक वेळा बाहेरून सुचवते, दाद देते, मोठे भावंड मात्र स्वतः पात्र होऊन खेळात उतरते.

म्हणून "आता त्याची पाळी" असा निवाडा करण्याऐवजी आईनेच अधूनमधून पेशंट व्हावे, म्हणजे धाकट्याला कंपाउंडरची जागा आपोआप मिळेल, असे मी सुचवले. तो रडू लागला किंवा मान फिरवू लागला, तर मात्र खेळ थांबवावा. मुलीलाही रोज भावाशिवाय खेळायला वेळ हवा. त्याला रमवणे ही तिची नोकरी नव्हे.

काही आठवड्यांनी आईचा फोन आला. कंपाउंडरने आजोबांच्या गुडघ्याला परस्पर इंजेक्शन दिले होते आणि डॉक्टरीणबाई त्यावर भयंकर चिडल्या होत्या. हात उगारले जात नाहीत तोवर हे भांडण त्यांचे त्यांनाच मिटवू द्यावे, असे मी सांगितले.