ऑटिझम असलेला नऊ वर्षांचा मुलगा, घरी मराठी, शाळेत कन्नड. व्हिडिओ गेममुळे तो इतर मुलांत मिसळेल का? (बेळगाव)

मदत होते, पण एकट्यानं खेळून नाही. माइनक्राफ्टसारखा, दोघांनी मिळून काहीतरी बांधायचा गेम घ्या. नियम ठरलेले असतात, बोलताना डोळ्यांत बघावं लागत नाही, म्हणून अशा बऱ्याच मुलांना ते सोपं जातं. ऑटिस्टिक मुलांसाठी ऑटक्राफ्ट नावाचा वेगळा माइनक्राफ्ट सर्व्हर (इंटरनेटवरून एकत्र खेळायची जागा) २०१३ मध्ये सुरू झाला. पण तिथं कारभार इंग्रजीत, म्हणजे पोराला तिसरी भाषा! त्यापेक्षा मी शहापूर-वडगावातला एखादा मावसभाऊ शेजारी बसवीन, एकाच टीव्हीवर. 'तू दगड आण, मी भिंत घालतो' एवढं बोलणं झालं तरी पुष्कळ. गेम बंद करायच्या पाच मिनिटं आधी सांगा, नाहीतर रडारड ठरलेली. स्पीच थेरपी चालू असेल तर ती मात्र सोडू नका.