आजोबांच्या ट्रंकेतली अर्धी ब्लेडं

प्रश्न : आजोबा कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. त्यांच्या ट्रंकेत ड्रॉइंगच्या गुंडाळ्या सापडल्या. काही गडद निळ्या, वर पांढऱ्या रेघा. काही पांढरट, वर जांभळट रेघा. हा उलटा प्रकार का? आणि सोबत दाढीची मोडलेली ब्लेडं कशाला?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ब्लेडांपासूनच सुरुवात करतो. ती आमची खोडरबरं! ट्रेसिंग पेपरवर रोट्रिंगच्या पेनाने मारलेली रेघ रबराने धड जात नाही. ब्लेड मधोमध मोडायचं, कोपऱ्याने शाई हळूच खरवडायची आणि मग त्या जागेवर नखाची पाठ घासायची. हे घासणं विसरलात की नवी रेघ फुटलीच. १९७६ मध्ये नवखा असताना एका डायच्या (पत्रा कापायच्या साच्याच्या) जोडणीच्या ड्रॉइंगवर खरवडता खरवडता मी भोक पाडलं. तीन दिवसांचं काम. साहेब काही बोलले नाहीत, कोरा कागद समोर ठेवून निघून गेले.

आता निळं-पांढरं. मूळ दोन्हींचं एकच, ट्रेसिंग, म्हणजे अर्धपारदर्शक ट्रेसिंग पेपरवरचं शाईचं ड्रॉइंग. फरक छपाईच्या रसायनाचा. गडद निळी ती खरी ब्लूप्रिंट, जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेल्या पद्धतीची. लोहाचे क्षार लावलेल्या कागदावर ट्रेसिंग ठेवून उन्हात धरलं, की प्रकाश पडेल तिथे निळा रंग धरतो. शाईच्या सावलीतलं मिश्रण पाण्यात धुऊन जातं, रेघ पांढरी उरते. पण भिजलेला कागद वाळताना आक्रसतो. प्रिंटवर पट्टी लावून माप काढू नये, लिहिलेला आकडाच वाचावा, हा दंडक पाळायचं हे एक कारण.

पांढरट गुंडाळ्या म्हणजे अमोनिया प्रिंट. इथे उजेडाने रसायन मरतं, रेघेखालचं तेवढं वाचतं आणि अमोनियाच्या वाफेत त्याला रंग चढतो. धुणं नाही, वाळवणं नाही. डोळ्यांना मात्र धारा.

कॉम्प्युटरवर रेघ मारणं तुम्हाला वाटतं त्याहून जुनं आहे. आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये एमआयटीच्या प्रबंधात 'स्केचपॅड' मांडलं. टीएक्स-२ या अवाढव्य यंत्राच्या पडद्यावर प्रकाशाच्या पेनाने चित्र काढायचं. दोन रेघा समांतर हव्यात असं सांगितलं की यंत्रच त्या समांतर करायचं. छोट्या कॉम्प्युटरवर चालणारं ऑटोकॅड हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर आलं ते १९८२ च्या डिसेंबरात. आमच्या ऑफिसात ते पोचेपर्यंत १९९० उजाडलं. एसी खोली, चपला बाहेर. मोठं ड्रॉइंग झूम केलं की 'रीजन' सुरू, म्हणजे सगळं चित्र पडद्यावर पुन्हा रेखाटणं, तेवढ्यात चहा पिऊन यायचो. पण 'इरेज' लिहून एंटर मारला आणि रेघ मागमूस न ठेवता गेली, तेव्हा माझं नख सवयीने पडद्याकडे गेलं होतं.

तुमच्या गुंडाळ्या उन्हात पसरू नका, दोन्ही प्रकार उडतात. निळ्या वेगळ्या ठेवा, अमोनियावाल्या वेगळ्या. आणि ट्रंकेत हात घालताना जपून, अर्ध्या ब्लेडला धार असतेच.